भिवंडी १९९२ मध्ये का पेटली नाही? मोहल्ला कमिट्यांची पार्श्वभूमी

बाबरी मशीद पडल्यानंतर, डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दोनदा दंगल उसळली. या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्यात ९०० माणसं मारली गेली. मुंबईला लागूनच असलेली भिवंडी मात्र शांत राहिली. त्याआधीच्या २२ वर्षांत दोन मोठ्या दंगली पाहिलेलं, सरकारदरबारी ‘अतिसंवेदनशील’ शिक्का बसलेलं हे गाव. त्यामुळे तिथली शांतता नशिबाने मिळाली असं म्हणणं त्या गावावर अन्याय करणारं आहे.

भिवंडी यंत्रमागाचं गाव. सूत व्यापाऱ्याकडून यायचं, मागमालक मजुरीवर कापड विणून द्यायचा आणि माग चालवायला उत्तर प्रदेशातले, तेलंगणातले कामगार असायचे. या साखळीत हिंदू-मुसलमान दोघेही होते आणि एकाचं दुसऱ्यावाचून चालत नव्हतं. तरीही ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल सुरू झाली आणि जळगाव, महाडपर्यंत हिंसाचार झाला. न्या. मादन आयोगाने त्याची चौकशी केली. त्यानंतर बंद असलेली मिरवणूक १९८४ मध्ये पुन्हा निघाली आणि त्याच मे महिन्यात गाव पुन्हा जळालं. धंद्यातला संबंध एकट्याने माणसं वाचवत नाही, हे भिवंडीने दोनदा भोगलं. सुताचा हिशेब करणारे दोघे संध्याकाळी आपापल्या मोहल्ल्यात परतत, आणि पलीकडच्या मोहल्ल्यात काय चाललंय हे त्यांना अफवेतूनच कळे.

शांतता समित्या तेव्हाही होत्या. पण त्यांत पुढारी, नगरसेवक आणि मोठे व्यापारी असत. सणाच्या तोंडावर पोलीस ठाण्यात बैठक, चहा, निवेदन, की झालं. गल्लीतला पोरगा यांतल्या कुणालाच ओळखत नसे.

१९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी १९८४ च्या दंगलीचा अभ्यास केला आणि हा सांगाडाच बदलला. गावभर सुमारे ७० मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. सदस्य दोन्ही समाजांचे, शक्यतो समसमान, आणि तेही साधे: माग कामगार, दुकानदार, रिक्षावाले, शिक्षक, बायका. प्रत्येक कमिटीला एक पोलीस जोडलेला. बैठक ठाण्यात न भरता मोहल्ल्यात भरे.

बैठकीत बोलायचं काय, हाच खरा कळीचा मुद्दा होता. ‘ऐक्य’ या विषयावर भाषणं ठेवली असती तर तिसऱ्या बैठकीला कुणी आलं नसतं. म्हणून तुंबलेलं गटार, नळाचं पाणी, नवरा-बायकोचं भांडण, उसने पैसे, टपोरी पोरांचा त्रास, असे विषय निघत. मुसलमान घरातल्या तंट्यात हिंदू शेजारी मध्यस्थी करी आणि हिंदू घरातल्या तंट्यात मुसलमान शेजारी. दुसऱ्याच्या घरातलं दुखणं माहीत झालं की त्या घराबद्दलच्या अफवेवर चटकन विश्वास बसत नाही. दुसरा फायदा पोलिसांना झाला. हवालदाराला मोहल्ला चेहऱ्याने कळू लागला आणि मोहल्ल्याला हवालदार. डिसेंबर ९२ मध्ये गावात तणाव होताच, पण अफवा आली की खरं-खोटं विचारायला माणूस होता. हे जाळं तेव्हा चार वर्षांचं झालं होतं. ते ६ डिसेंबरनंतर विणायला घेतलं असतं तर काही उपयोग झाला नसता.

मुंबईने हा धडा दंगलीनंतर घेतला. १९९४ मध्ये माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटी चळवळ सुरू झाली. इथे सुरुवात अवघड होती, कारण जखमा ताज्या होत्या आणि मुसलमान वस्त्यांचा पोलिसांवर अजिबात भरवसा नव्हता. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान यांनी वर्षानुवर्षं गल्लोगल्ली फिरून माणसं एकत्र आणली. वकार खान यांनी चार मुलांना चार धर्मांचे कपडे घालून काढलेलं ‘हम सब एक हैं’ हे पोस्टर धारावीबाहेरही पोहोचलं. पुढे वस्तीतली पोरं आणि पोलीस यांच्यात क्रिकेटचे सामनेही होऊ लागले.

या पद्धतीची कमकुवत बाजू भिवंडीतच उघड झाली. कमिट्या एका अधिकाऱ्याच्या तळमळीवर उभ्या होत्या. बदल्या होत गेल्या तशा बैठका विरळ झाल्या, आणि जिथे बैठक विरळ होते तिथे कमिटीचं सदस्यत्व पोलीस ठाण्यात वट दाखवण्यापुरतं उरतं. जुलै २००६ मध्ये क्वार्टर गेटजवळच्या जागेवर पोलीस ठाणं बांधण्याला विरोध झाला, कारण ती जमीन कब्रस्तानाची असल्याचं स्थानिकांचं म्हणणं होतं. पोलिसांच्या गोळीबारात दोघे गेले, त्यानंतर जमावाने दोन पोलिसांना ठार मारलं. हा संघर्ष हिंदू-मुसलमानांचा नव्हता, वस्ती आणि पोलीस यांच्यातला होता. खोपडे यांच्या काळात ज्या दुव्यावर सगळी भिस्त होती, नेमका तोच इथे तुटला. मुंबईतल्या चळवळीत नागरिकांचा वाटा सुरुवातीपासून मोठा होता, त्यामुळे आयुक्त बदलले तरी ती चालू राहिली.