साठीनंतरची लिंगाची ताठरता: गोळी मागण्याआधी एवढं वाचा

हा विषय आमच्या मेडिकलच्या काउंटरवर बहुधा दुकान बंद करायच्या वेळी निघतो, तोही दबक्या आवाजात. म्हणून हा कागद. घरी नेऊन निवांत वाचा.

छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा नायट्रेटचं दुसरं कुठलंही औषध चालू असेल, तर सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल ही ताठरतेची गोळी घ्यायचीच नाही. दोन्ही एकत्र आली की रक्तदाब एकदम कोसळतो, जिवावर बेतू शकतं. गोळी घेतल्यावर छातीत दुखलंच, तर दवाखान्यात पोचताच तसं सांगा. तिथे लाज कामाची नाही. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्यांना उभं राहताना चक्कर येऊ शकते, तेव्हा डॉक्टरांना तेही सांगा. चालू गोळ्यांच्या स्ट्रिप्स पिशवीत घालून नेणं सगळ्यात सोपं.

सिल्डेनाफिल साधारण तासभर आधी घ्यायची. असर चार-पाच तास. पासष्टीपुढे सुरुवात सहसा २५ मिलिग्रॅमने होते. मटणाच्या जेवणावर घेतली की ती उशिरा लागू पडते, आणि मग गोळी खोटी निघाल्याची तक्रार आमच्याकडे येते! टाडालाफिलला जेवणाचं पथ्य नाही, असर ३६ तासांपर्यंत. म्हणजे तेवढा वेळ ताठरता टिकते असं नव्हे. मुळात इच्छा नसेल तर दोन्ही गोळ्या निरुपयोगी. ताठरता चार तासांपुढे राहिली, तर मात्र थेट हॉस्पिटल गाठा.

जुना मधुमेह असेल किंवा प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं असेल, तर गोळी कमी पडू शकते. मग व्हॅक्यूम पंप (त्याचं रबरी कडं अर्ध्या तासात काढायचं), लिंगात टोचायचं इंजेक्शन, नाहीतर इम्प्लांटची (लिंगात कृत्रिम आधार बसवायची) शस्त्रक्रिया. हे युरॉलॉजिस्टने (मूत्ररोगतज्ज्ञाने) ठरवायचं. टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) सरसकट नको. सकाळच्या रक्ततपासणीत ते कमी निघालं तरच.

चिठ्ठीशिवाय आम्ही या गोळ्या देत नाही. कायदा आहेच, पण खरं कारण वेगळं. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे बिघाड कधीकधी तिथे काही वर्षं आधी दिसतो. शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल या निमित्ताने तपासून घ्या, आणि तंबाखू-सिगारेट सोडा.

‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या शक्तिवर्धक पुड्यांमध्ये सिल्डेनाफिलच मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे, किती ते पुडीवर लिहिलेलं नसतं. सॉर्बिट्रेटवाल्यांनी तर तिला हातही लावू नये.