टॉनी पोर्ट घरच्या कपाटात मुरते का?

‘20 वर्षांची टॉनी पोर्ट आणखी 10 वर्षं ठेवली की 30 वर्षांची होते’, असं सांगतात. लोणचं बरणीत मुरतं, त्यामुळे तसं वाटणं साहजिकच. पण पोर्तुगालची ही वाइन मुरते लाकडी पिंपात. लाकडातून हळूहळू हवा लागते, लाल रंग पिंगट होतो, अक्रोड-सुक्या अंजिराचा वास चढतो. बाटलीत भरली की हे जवळपास थांबतं. शिवाय 20 हे नेमकं वय नव्हेच. अनेक सालांच्या वाइन मिसळून, चाखून ठरवलेली ती शैली.

लेबलवर बाटलीत भरल्याचं साल बघा. जुनी आणि ताजी भरलेली बाटली, दोन्ही झाकून चाखा, गुण द्या. ताजीच बहुधा टवटवीत लागेल. व्हिंटेज पोर्ट, म्हणजे एकाच सालच्या द्राक्षांची पोर्ट, मात्र खरोखरच बाटलीत मुरते. गोंधळ बहुतेक तिथूनच आला असावा.