‘प्लास्टिकचं पिस्तूल’ म्हणजे तकलादू?

बजेट कमी असेल तर पॉलिमरचं (मजबूत प्लास्टिकचं) पिस्तूल, ऐपत असेल तर पोलादी, असं वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. मुळात ‘प्लास्टिकचं’ हेच अर्धसत्य आहे. पॉलिमरची असते ती फक्त फ्रेम, म्हणजे मुठीसकटचा खालचा सांगाडा. स्फोटाचा दाब झेलणारी नळी आणि स्लाइड (गोळी झाडल्यावर मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) पोलादाचीच असते. स्लाइड काढून ग्लॉक या ऑस्ट्रियन पिस्तुलाची फ्रेम निरखून पाहा: पॉलिमरमध्ये पोलादी पट्ट्यांचे चार छोटे तुकडे बसवलेले दिसतील. स्लाइड धावते ती त्यांच्यावर. (मेटल डिटेक्टरला असं पिस्तूल सापडत नाही, ही तर निव्वळ लोणकढी!)

ऑस्ट्रियाच्या सैन्याने 1982 साली ग्लॉक 17 निवडलं. अमेरिकी लष्कराने 2017 मध्ये घेतलेल्या एम17 पिस्तुलाचीही मूठ पॉलिमरचीच. पोलादाचं वजन धक्का कमी जाणवू देतं, हे मात्र खरं.

आणि भरवशाचं म्हणाल, तर सेमी-ऑटोमॅटिक (दर वेळी चाप ओढल्यावर पुढची गोळी आपोआप चढवणारं) पिस्तूल अडकतं ते बऱ्याचदा मॅगझिनमुळे, म्हणजे गोळ्यांच्या पेटीमुळे. वरच्या कडा वाकल्या किंवा स्प्रिंग सैल पडली की पुढची गोळी तिरकी चढते. त्यामुळे परवाना असलेल्याने चकाकत्या पोलादापेक्षा चांगली मॅगझिन्स आणि सरावाच्या गोळ्यांसाठी पैसे राखून ठेवावेत, असं माझं मत.