गे हुंग

गे हुंग : (२८३–३४३ ?). चिनी ताओपंथी वैद्य, किमयागार व ग्रंथकार. जन्म सध्याच्या ज्यांगसू प्रांतातील ज्यूरुंग येथे. तो तेरा वर्षांचा असताना वडील वारले. किमयेची परंपरा घरातलीच. चुलत आजोबा गे श्वेन यांचे शिष्य जंग यिन हे त्याचे गुरू. पुढे तो दक्षिण चीनमधील ग्वांगजौकडे गेला आणि ताओपंथी बाव चिंग याची कन्या बाव गू हिच्याशी त्याचा विवाह झाला. औषधी पाल्याची वात जाळून शेक देण्यात तिचा हातखंडा होता, असे परंपरा सांगते.

मृत्युवर्षाविषयी एकमत नाही. ‘जिन शू’ या राजवंशेतिहासात (सु. ६४८) त्याचे वय ८१ दिले आहे, त्यावरून ३६३ हे साल निघते. दुसऱ्या परंपरेत वय ६१, म्हणजे ३४३. ‘जिन शू’नुसारच, गे हुंगचे अखेरचे पत्र मिळताच ग्वांगजौचा सुभेदार दंग युए त्याच्या वास्तव्याच्या लोफू पर्वताकडे धावला, पण तोवर गे हुंग वारला होता. दंग युएची कारकीर्द ३६३ पर्यंत लांबल्याचे दिसत नाही. त्यामुळे ३४३ हेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते. त्याचे शव कपड्यांइतके हलके लागले, ही कथा सिद्धपुरुषांच्या चरित्रांतील ठरावीक साच्याची आहे.

त्याचा मुख्य ग्रंथ ‘बावफूद्झ’ (सु. ३१७). त्याच्या अंतर्भागात २० प्रकरणे असून त्यांत अमरत्वाचे उपाय येतात. बहिर्भाग राज्यकारभार व समाजाविषयी, बराचसा कन्फ्यूशियन वळणाचा आहे. वनस्पती जाळल्या की राख होते. हिंगूळ (पाऱ्याचे लाल खनिज) तापवला तर पारा निघतो आणि पुढच्या क्रियांनी पुन्हा हिंगूळ होतो. जो पदार्थ स्वतः नष्ट होत नाही तोच देहाला टिकवील, असा त्याचा तर्क. म्हणून वनस्पतिज औषधे त्याने आयुष्य वाढवणारी, पण दुय्यम मानली. हिंगूळ मिळावा म्हणून त्याने दक्षिणेकडील गौलौ येथे नेमणूक मागितली होती. पाऱ्याच्या विषारीपणाचा विचार या तर्कात बसत नाही.

वैद्यकात ‘जौहौ बेजी फांग’ हा तातडीच्या उपचारांचा संग्रह महत्त्वाचा. थंडीतापाच्या पाळीवर मूठभर छिंगहाव (एक औषधी वनस्पती) दोन शंग (जुने चिनी माप) पाण्यात भिजवावा, पिळावा व सगळा रस प्यावा, असे त्यात आहे. उकळण्याचा उल्लेख नाही. यावरूनच चिनी शास्त्रज्ञ तू यौयौ यांनी १९७१ मध्ये कमी तापमानाला ईथरने अर्क काढला; त्यातून हिवतापावरील आर्टेमिसिनिन हाती आले (नोबेल, २०१५). याच ग्रंथात पिसाळलेले कुत्रे चावल्यास त्याच कुत्र्याचा मेंदू जखमेवर लावण्यास सांगितले आहे.

आज मिळणारी संहिता एकहाती नाही. सु. ५०० मध्ये ताओपंथी वैद्य ताव हुंगजिंगने, तर ११४४ मध्ये यांग युंगदावने तीत भर घातली. त्यामुळे देवीच्या रोगाचे प्रसिद्ध वर्णन (भाजल्यासारखे फोड, पांढरा पू, वाचलेल्यांच्या अंगावर जांभळट काळे व्रण) गे हुंगचेच असे ठामपणे म्हणता येत नाही. त्यातील ‘चिएनवू’ हा शक एकाहून अधिक राजांनी वापरला होता. तो ४९४–४९८ चा मानल्यास उतारा तावचा ठरतो, आणि हा पक्ष सबळ दिसतो.