लाल फसफसती वाइन गोडच असते?

पुण्यातल्या वाइनच्या दुकानांत एक समज पक्का आहे: लाल फसफसती वाइन म्हणजे गोड, सोडा घातलेलं सरबत. हे चूक आहे. इटलीच्या एमिलिया-रोमान्या भागातल्या लाम्ब्रुस्को या लाल फसफसत्या वाइनमध्ये बुडबुडे बहुधा बंद टाकीतल्या दुसऱ्या आंबवणीतून येतात आणि तिचे कोरडे, म्हणजे गोड नसलेले, प्रकारही भरपूर आहेत.

लाम्ब्रुस्को आवडली असेल तर पुढची बाटली निवडताना रंग नव्हे, लेबल वाचा. कमी दाबाच्या, म्हणजे कमी फसफसत्या, 'फ्रिझांते'वर 'सेक्को' (कोरडी) असेल तर साखर लिटरला १५ ग्रॅमपर्यंत, 'आमाबिले' ३० ते ५०, 'दोल्चे' त्याहून गोड. इथेच फसगत होते: जास्त दाबाच्या 'स्पुमांते'वर तोच 'सेक्को' शब्द १७ ते ३२ ग्रॅम सांगतो. कोरडी हवी तर तिथे 'ब्रूत' शोधा, १२ ग्रॅमच्या आत.

आंबटपणा भावला असेल तर लाम्ब्रुस्कोचाच फिकट, चटपटीत सोर्बारा प्रकार घ्या. गडद आणि तुरट हवी तर तिचाच ग्रास्पारोस्सा प्रकार, आणखी दणकट हवी तर ऑस्ट्रेलियाची स्पार्कलिंग शिराझ. गोडवाच आवडला असेल तर इटलीच्याच पिएमोन्ते भागातली ब्राकेत्तो द'आक्वी: गुलाबाचा वास, अल्कोहोलही कमी.

झणझणीत मटणाबरोबर तुरट बाटली उघडू नका. तुरटपणाने तिखट अधिकच झोंबतं. तिथे आमाबिलेच बरी. पुण्याच्या एप्रिलात 'रूम टेम्परेचर' विसरा. १० ते १२ अंशांना प्या. कोमट झाली की फेस उसळतो आणि चव बोथट होते.