वाफ जुनी, पट्टा नवा: लाकूड वाकवण्यामागची पार्श्वभूमी

स्टीम बेंडिंग, म्हणजे वाफेने लाकूड नरम करून वाकवणं, शिकायला वर्कशॉपमध्ये गेलं की पहिल्यांदा एक लांबलचक पेटी दिसते, प्लायवूडची, एका टोकाला दाराऐवजी जुनं फडकं कोंबलेलं, खालून पाईपने वाफ आत येतेय, आणि सगळ्यांचे डोळे त्या पेटीवरच असतात. माझेही होते. शेजारच्या टेबलावर पातळ स्टीलचा एक पट्टा पडला होता, दोन्ही टोकांना लाकडी ठोकळे बोल्टने घट्ट बसवलेले, तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं. पहिला तुकडा मी पट्टा न लावता वाकवला आणि वळण निम्म्यावर आलं नाही तोच बाहेरच्या अंगाने भलीमोठी ढलपी उचलली. तेव्हापासून मला वाटतं की या कामाचा इतिहास सांगायचा तर पट्ट्यापर्यंत येऊन सांगायला हवा, नुसत्या वाफेवर थांबून चालणार नाही.

कारण लाकूड वाकवणं तसं फारच जुनं आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात ऋषी म्हणतो की सुतार जशी चांगल्या लाकडाची चाकाची कड वाकवतो तसा मी इंद्राला वाणीने तुमच्याकडे वळवतो. म्हणजे ऐकणाऱ्याला लगेच कळावी इतकी ती गोष्ट तेव्हा रोजच्या बघण्यातली होती! पुढे युरोपात लाकडी पिंपं बनवणारे कारागीर फळ्या कड्यात उभ्या लावून आत छोटी जाळ-टोपली ठेवायचे, बाहेरून पाणी मारायचे आणि फळ्या तापून नरम झाल्या की दोर आवळून पिंपाचं तोंड मिटवायचे. जहाजवाले जाड फळ्या आधी सरळ आगीवर शेकायचे, मग 18व्या शतकात ब्रिटिश गोद्यांमध्ये त्या गरम ओल्या वाळूत पुरून ठेवायला लागले, आणि वाफेच्या पेट्या नंतर आल्या. इंग्लंडमधल्या विंडसर खुर्चीची पाठीची कमानही अशीच उकळून किंवा वाफवून वाकवलेली असायची.

पण या सगळ्यात एक गोष्ट सारखी आहे, वळण तरी सौम्य, किंवा लाकूड तरी बारीक, किंवा ते ताजं ओलं. जाड लाकडाला घट्ट वळण द्यायचं म्हटलं की गाडी अडायची.

का अडायची ते साध्या हिशोबात कळतं. अडीच सेंटीमीटर जाडीची पट्टी अर्धवर्तुळात वाकवली तर बाहेरची बाजू आतल्या बाजूपेक्षा जवळजवळ 8 सेंटीमीटर लांब व्हायला लागते, वर्तुळ मोठं असो की लहान, फरक तेवढाच. आता हे 8 सेंटीमीटर आणायचे कुठून? पेशींना धरून ठेवणारं लिग्निन वाफेच्या ओल्या उष्णतेत नरम पडतं, त्यामुळे चांगलं लाकूड लांबीच्या दिशेने 25-30 टक्क्यांपर्यंत दाबलं जाऊ शकतं, पण ताणलं जातं फक्त 1-2 टक्के. म्हणजे दाबायला तयार आणि ताणायला अजिबात नाही. आणि मोकळ्या हाताने वाकवलं की बाहेरचे तंतू नेमके ताणलेच जातात.

हे कोडं सोडवलं मिशाएल थोनेटने. ऱ्हाईन नदीकाठच्या बोपार्ड गावात 1796 मध्ये जन्मलेला हा फर्निचर कारागीर 1830च्या दशकात पातळ पट्ट्या सरसात उकळून, एकत्र चिकटवून साच्यात वाकवायचा. 1841 मध्ये कोब्लेन्झच्या प्रदर्शनात त्याचं काम ऑस्ट्रियाचा चॅन्सलर मेटर्निखने पाहिलं आणि पुढच्या वर्षी तो व्हिएन्नाला गेला. पण सरस दमट हवेत सुटतो, तेव्हा दूरदेशी खुर्च्या पाठवायच्या तर अख्खं लाकूडच वाकवणं भाग होतं. इथे आला तो पट्टा. बीच नावाच्या युरोपीय झाडाच्या वाफवलेल्या काठीच्या बाहेरच्या अंगाला धातूची पट्टी टोकांपाशी घट्ट धरून लावायची, मग बाहेरची बाजू लांब व्हायला जागाच राहत नाही आणि सगळा फरक आतली बाजू दाबली जाऊन भरून निघतो. एवढीशी गोष्ट, पण मला ती सुतारकामातल्या सगळ्यात सुंदर युक्त्यांपैकी एक वाटते. 1856 मध्ये वाफेने किंवा उकळत्या द्रवाने अख्खं लाकूड वाकवण्याचं पेटंट त्याच्या मुलांच्या कंपनीला मिळालं आणि दुसऱ्याच वर्षी मोराव्हियात (आजच्या चेक प्रजासत्ताकात), बीचच्या जंगलांजवळ, कोरिचानीला कारखाना उभा राहिला.

न्याय म्हणून सांगायला हवं की बॉस्टनच्या सॅम्युअल ग्रॅगने 1808 मध्येच वाकवलेल्या लाकडाच्या खुर्चीचं पेटंट घेतलं होतं आणि त्या खुर्च्या अप्रतिम आहेत. पण ते एका कारागिराचं काम राहिलं. थोनेटची 1859ची 14 नंबरची खुर्ची मात्र लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यातच उभी राहते, सुट्या केलेल्या 36 खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या, आणि 1930 पर्यंत अशा जवळपास 5 कोटी खुर्च्या विकल्या गेल्या. 1869 मध्ये पेटंट संपलं आणि मग सगळ्यांनीच वाकवायला घेतलं.

आजच्या वर्कशॉपमध्ये तेच चालतं. जाडीच्या दर इंचाला साधारण तासभर वाफ, लाकूड शक्यतो ओलसर किंवा हवेवर वाळवलेलं (भट्टीत कोरडं ठणठणीत केलेलं हट्टी असतं, माझी ढलपी निघायचं तेही एक कारण होतं), लाकडातल्या तंतूंच्या रेषा सरळ, गाठ नको, आणि बाहेर काढल्यावर जेमतेम अर्धं मिनिट हातात. ओक असेल तर साधं लोखंड लाकडाला लागू द्यायचं नाही, त्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे निळे-काळे डाग पडतात.

दुसरा तुकडा मी पट्टा लावून वाकवला. आठवडाभराने साच्यातून सोडवला तर थोडा उघडला, तो उघडतोच. बाहेरून टेप लावली, लांबी जवळपास पहिल्याइतकीच. आतून लावली तर चांगली कमी भरली, आणि वळणाच्या पोटात बोट फिरवलं तर बारीक आडव्या सुरकुत्या लागत होत्या.