बसकी गाडी घरी उचलताय? आधी हे वाचा

“गाडी खाली आहे, जॅक आत शिरत नाही, काय करू?” शनिवारी संध्याकाळी आमच्या गॅरेजच्या काउंटरवर हा प्रश्न हमखास येतो. रविवारी घरी ऑइल बदलायचं असतं किंवा ब्रेक पॅड बघायचे असतात. जुनी सिव्हिक, स्प्रिंग बदलून खाली घेतलेली पोलो नाहीतर स्विफ्ट, बंपरला लिप लावलेली सिटी, अशा गाड्या सांगली-मिरजेत आता बऱ्याच झाल्यात. त्यांच्या मालकांसाठी हे पत्रक आहे. चाक बदलणं आणि पाना-सॉकेट वापरणं तुम्हाला येतं, असं धरून लिहिलंय.

जिथे शिरतो तिथे जॅक लावू नका

आमचा सगळ्यात जास्त वेळ या एका चुकीत जातो, म्हणून ती सविस्तर सांगतो.

साधा २ टनी ट्रॉली जॅक पूर्ण खाली केला तरी साधारण १३५ मिमी उंच राहतो. कंपनीच्या कागदावर गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची) १६५ मिमी लिहिलेला असतो, पण तो रिकाम्या, नव्या गाडीचा. स्प्रिंग ३०-४० मिमी खाली घेतल्या, वर टायर पंक्चर झाला, की जॅक योग्य जागेपर्यंत पोचतच नाही. मग माणूस कडेकडेने चाचपत जातो आणि जिथे फट सापडेल तिथे जॅक सारून हँडल मारायला लागतो.

ती फट नेमकी नको तिथे असते. दरवाज्याखाली पत्र्याची जी उभी कड असते, तिच्यावर पुढच्या चाकामागे आणि मागच्या चाकापुढे दोन-दोन खाचा दिलेल्या असतात. त्या खाचांमधला तेवढाच भाग आतून जाड केलेला असतो. दोन चाकांच्या मध्ये कुठेही जॅक लावला की कड आडवी होते आणि कधी कधी आतला पत्राही दबतो. मध्ये फ्लोअरला लावला तर पायाखालचा पत्रा वर येतो. पुढे इंजिनखाली काळं प्लॅस्टिकचं कव्हर दिसतं, ते मजबूत वाटतं, पण त्याच्या मागे ऑइलचं चेंबर असतं. बऱ्याच गाड्यांत ते ॲल्युमिनियमचं असतं. त्याला तडा गेला की ऑइल बदलण्याच्या कामात चेंबर बदलण्याचा खर्च येतो.

कड आडवी झालेली गाडी आमच्याकडे येते तेव्हा ती नुसती ओढून सरळ करून भागत नाही. वाकलेल्या जागी रंग आणि सीलंट तडकलेलं असतं. ते खरवडून प्रायमर मारायचा, सीलंट भरायचं, वरून अंडरकोटिंग करायचं. अर्धा दिवस जातो. हे काम टाळलं तर पहिल्या पावसाळ्यात तिथून पाणी शिरतं आणि गंज आतून सुरू होतो. बाहेरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. शिवाय वाकलेल्या कडेवर आमच्या लिफ्टचा पॅड नीट बसत नाही, त्यामुळे पुढच्या प्रत्येक सर्व्हिसिंगला तीच अडचण येते. अशा गाडीला आम्ही आधी कड दुरुस्त करायला सांगतो. काहींना तो बिल वाढवायचा बहाणा वाटतो. पण तशीच गाडी लिफ्टवर चढवायची आमची तयारी नाही.

फळीवर घ्या, मग जॅक लावा

उपाय साधा आहे. जॅक लावायच्या आधी गाडी थोडी वर घ्यायची. ४० मिमी जाड आणि २५० मिमी रुंद अशा दोन फळ्या, एकावर एक, पायरीसारख्या ठेवून खालून स्क्रूने पक्क्या करायच्या. खालची पाऊण मीटर, वरची अर्धा मीटर. पुढची धार रंधून उतरती करायची, वरच्या फळीच्या शेवटी एक पट्टी ठोकायची म्हणजे चाक पुढे घसरत नाही. असे दोन संच दोन्ही पुढच्या चाकांखाली ठेवून गाडी पहिल्या गिअरमध्ये हळू चढवायची. समोर एक माणूस उभा ठेवून इशारा घ्या, पण त्याला गाडीच्या रेषेत नाही, बाजूला उभं करा. पुढचा भाग ८० मिमीपर्यंत वर येतो आणि जॅक हवा तिथे जातो. बाजारातला तयार प्लॅस्टिक रॅम्प बसक्या गाडीला बहुतेक वेळा चालत नाही, कारण चाक चढायच्या आधी बंपर त्याला टेकतो. तोच रॅम्प वापरायचा असेल तर त्याच्या पुढे एक लांब फळी टाकून चढ कमी करा.

विटा, सिमेंटचे ठोकळे, बांधकामावरचे हलके पांढरे ब्लॉक यातलं काहीही गाडीखाली ठेवू नका. लाकूड दबतं, चिरतं, निदान करकर आवाज तरी करतं. वीट मात्र एका क्षणात फुटते.

दुसरा रस्ता म्हणजे लो प्रोफाइल जॅक. तो ८० मिमीच्या आसपास खाली बसतो. महाग आहे. वर्षातून दोनदा लागणार असेल तर विकत घेऊ नका, आमच्याकडून भाड्याने न्या.

आपल्याकडची जमीन

सांगलीची जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर मुरूम टाकून बसवलेले पेव्हर ब्लॉक कधीच एका पातळीत राहत नाहीत. गावभागातल्या जुन्या वाड्यांत अंगणाला शहाबादी फरशी असते. तिच्याखाली पोकळी असेल तर स्टँडच्या (जॅकने उचललेली गाडी टेकवायची लोखंडी घोडी) चार पायांच्या टोकांवर वजन आलं की फरशी तडकते. वापरण्याआधी फरशीवर हातोडीची मूठ आपटून आवाज ऐका, पोकळ वाजली तर जागा बदला.

ट्रॉली जॅकचा दांडा वर जाताना सरळ जात नाही, कमानीत जातो. म्हणून उचलताना जॅकला थोडं पुढे सरकावं लागतं. त्याची छोटी लोखंडी चाकं पेव्हरच्या सांध्यात अडकली की जॅक सरकत नाही, वरची वाटी गाडीखालून घसरते. जॅकखाली ६ मिमीची लोखंडी प्लेट किंवा १८ मिमी प्लायवूड टाका. स्टँडखालीही प्लायवूडचा तुकडा हवा. उतारावर काम करूच नका.

चाकाला उटी (चाक अडवायची पाचर) लावायची ती जमिनीवर राहणाऱ्या चाकांना, पुढून आणि मागून. हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो, हे विसरू नका. मागची बाजू उचलली की हँडब्रेकचा काही उपयोग उरत नाही. पुढचं एकच चाक उचललं तर गिअरवरही भरवसा नको, कारण डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गिअर) हवेतलं चाक फिरतं आणि गाडी सुटू शकते. नट मात्र चाक जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करून ठेवा. गाडी हवेत असताना पान्यावर जोर लावून गाडी स्टँडवरून पडू शकते.

“खाचेत जॅक लावला, मग स्टँड कुठे?”

प्रश्न बरोबर आहे. पुढे इंजिनखाली आडवा लोखंडी सबफ्रेम असतो, तिथे मधोमध जॅक लावायची जागा गाडीच्या पुस्तकात दाखवलेली असेल तर तिथून दोन्ही चाकं एकदम उचला आणि स्टँड दोन्ही बाजूंच्या खाचांखाली घ्या. तशी जागा दिलेली नसेल तर खाचेतून एक बाजू उचला आणि पुस्तकात दाखवलेल्या दुसऱ्या आधाराच्या जागी स्टँड ठेवा. मागच्या आडव्या बीमबद्दल काही पुस्तकं हो म्हणतात, काही स्पष्ट मनाई करतात. इलेक्ट्रिक गाडीच्या पोटाखाली बॅटरी असते, तिथे काहीही टेकवू नका.

कडेखाली मधोमध चर पाडलेला रबरी पॅड घाला. कड त्या चरात जाते आणि वजन तिच्यावर न येता दोन्ही बाजूंच्या पत्र्यावर वाटलं जातं. काउंटरवर मिळतो, एकदा घेतला की वर्षानुवर्षं चालतो.

गाडी स्टँडवर हळू उतरवा, जॅक नुसता टेकलेला राहू द्या, आणि खाली जाण्याआधी गाडी हाताने चांगली हलवून बघा. काढलेलं चाक आडवं करून दरवाज्याखाली सरकवून ठेवा.

आम्ही एकटा जॅक भाड्याने का देत नाही

जॅक आणि स्टँडची जोडी, दोन्ही मिळूनच देतो. “तासाभराचं काम आहे, स्टँड कशाला” असं बरेच जण म्हणतात आणि नाराज होतात. जॅकमध्ये वजन पेलतं ते तेल आणि रबरी सील. सील झिजलं किंवा व्हॉल्व्हखाली कचऱ्याचा कण अडकला तर जॅक खाली बसतो, आणि तसं होण्याआधी कळत नाही. गाडीसोबत आलेला कैची जॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर खाली डोकं घालू नका. या नियमामुळे आमची काही गिऱ्हाइकं दुसरीकडे जातात, पण नियम बदलणार नाही.

स्वतःचे स्टँड घेणार असाल तर त्यावरचा टनाचा आकडा एका स्टँडचा आहे की जोडीचा, ते वाचा. सर्वसाधारण सेडानला २ टनी जोडी पुरते.

घरचा जॅक बसायला लागला म्हणून त्यात ब्रेक ऑइल भरून आणणारेही असतात. ब्रेक ऑइलने जॅकमधलं रबर फुगतं आणि खराब होतं. मग सीलचा पूर्ण संचच बदलावा लागतो. जॅकला हायड्रॉलिक ऑइलच लागतं, आमच्याकडे सुटं मिळतं.

सस्पेन्शनच्या खालच्या आर्मचे बुश (सांध्यातले रबर) घरी बदलत असाल तर शेवटचा टाइट गाडी चाकांवर उतरवल्यावरच द्या. चाक लोंबकळत असताना टाइट केलेला बुश गाडी खाली आल्यावर पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. अशा कामाला जॅकपेक्षा फळ्या बऱ्या.

फळ्यांचा संच मागणीप्रमाणे कापून देतो. येताना टायरचा साइज लिहून आणा आणि गाडीचं पुस्तक बरोबर ठेवा, जॅक लावायच्या जागा तुमच्यासमोर खुणा करून दाखवतो, त्याचे पैसे घेत नाही. रविवारी दुकान बंद असतं, त्यामुळे शनिवारी नेलेलं सामान सोमवारी सकाळी परत आणलं तर एकाच दिवसाचं भाडं लागतं. डिपॉझिट जॅक तपासून लगेच परत मिळतं. जॅक पुसून आणा, चाकांत अडकलेली माती काढून आणा.